खांबाचं पोट

अबू फवाजच्या व्हिलाला सोळा खांब.
सोळाही थर्माकोलचे,
वर अर्धा इंच सिमेंट, काचेचे तंतू
आणि रंग. डब्यावर रंगाचं नाव आहे: रोमन आयव्हरी.
एक खांब दोघांनी उचलायचा असा नियम.
गुल मरजान ओठाखाली नसवार दाबतो, म्हणतो,
हा मी एकटा नेतो, तू पाणी पी.

आमच्याकडं चार जाती लादली की गाढव खाली बसायचं.
बाप मग त्याच्याशी तेलुगूत बोलायचा,
आमच्याशी कधी बोलला नाही इतका वेळ.
दगड आधी वाजवायचा, म्हणायचा.
खणखणला तर घ्यायचा,
बद्द वाजला तर आत चीर आहे, सोडून द्यायचा,
कितीही गोरा दिसो.

मी पहिल्या दिवशी सवयीनं खांब वाजवला.
आवाजच नाही आला.

रऊफ मन्सूराचा. नकाशे काढतो,
जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्यावर खडूनं शिकवतो:
खांब अगदी सरळ काढला
की लांबून मध्ये खंगलेला दिसतो. डोळा फसतो.
म्हणून ग्रीक लोक खांबाला किंचित पोट ठेवायचे,
डोळ्याची चूक दगडानं भरून काढायची.
मी म्हटलं, वरवंट्यालाही ठेवतात.
त्याला वरवंटा कळेना.
मी उकिडवा बसलो, हवेत मिरच्या वाटून दाखवल्या.
तो हसला, मग गप्प झाला,
मग पुठ्ठ्यावर एक वरवंटा उभा काढला
आणि त्यावर छप्पर ठेवलं.

रोमचे लोक समुद्रातच काँक्रीट ओतायचे, म्हणाला.
ज्वालामुखीची राख, चुना. लोखंड नाहीच.
खारं पाणी मुरेल तसं ते आणखी घट्ट.
आणि आपण? रात्री बर्फ घालून ओततो,
सळ्यांना हवेतलं मीठसुद्धा पुरतं.

एका शुक्रवारी बोटीनं फैलका बेटावर गेलो.
रिकामी घरं, भिंतींना गोळ्यांची भोकं,
सावलीला उंट.
आणि तिथं, कुंपणाच्या तारेपलीकडं,
ग्रीकांच्या देवळाचं जोतं.
गुडघ्याइतकं उरलेलं.
रऊफ म्हणाला, खांबाची बैठक इराणी वळणाची,
उपड्या घंटेसारखी. माथा ग्रीक.
मला वाटलं, म्हणजे इथंही
दोन मुलखांचे कारागीर एका खांबाला भिडले असतील.
एकमेकांची भाषा येत होती का,
मुकादम कोण, पासपोर्ट कुणाकडं,
हे दगडावर लिहीत नाहीत.

वाजवून बघू का, विचारलं.
राखणदार नोआखालीचा, सुजन मिया.
म्हणाला, भाई, माझी नोकरी जाईल.
मग नाही वाजवला.
बोटीची वेळ झाली तेव्हा ऊन तिरपं आलं
आणि एका चिऱ्यावर टाकीचे घाव उठून दिसले,
सगळे उलट्या बाजूला कललेले.
डावखुरा होता.
एवढंच कळलं.

शुवेखच्या कारखान्यातला साचा पाइपसारखा सरळ.
आमच्या सोळांपैकी एकालाही पोट नाही.

परवा, सगळे नमाजला गेल्यावर,
मी सोळाव्या खांबाला पुट्टी चढवली.
खालून तिसऱ्या हिश्शापासून सुरू,
हळूहळू, हात फिरवत,
मध्ये चार मिलीमीटर,
वर जाता जाता पुन्हा काही नाही.
पट्टी लावली नाही. पट्टीला ते दिसत नाही,
तळव्याला दिसतं.
कोरडी झाल्यावर वाजवला.
मुकाच. तेवढं माझ्या हातात नव्हतं.

आज अबू फवाज आला, गाडीतून उतरला,
चष्मा काढून बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, तो शेवटचा ठीक आहे,
बाकीचे पंधरा वाकडे का बसवलेत?

गुल मरजाननं माझ्याकडं पाहिलं.
रऊफनं नकाशात डोकं घातलं.
ठेकेदार वही घेऊन उभा आहे:
दोन पोती पुट्टी जास्त कशी गेली,
याचं उत्तर मला अजून द्यायचंय.